बासरीतले पाखरू

व्हेनिस शहरी पिएता नावाची धर्मादाय संस्था होती. ती निराधार मुलींना सांभाळी व संगीतही शिकवी. तेथे 1703 सालापासून व्हायोलिन शिकविणाऱ्या आंतोनियो विवाल्दीच्या आडव्या बासरीसाठीच्या सहा रचना सुमारे 1729 साली छापल्या गेल्या. तिसरीचे नाव ‘इल गार्देल्लीनो’. ते एका गाणाऱ्या पाखराचे नाव.

तिचा पहिला भाग लक्षपूर्वक ऐकावा. प्रथम सारा वाद्यवृंद पालुपद वाजवितो. मग एकटी बासरी मोकळेपणाने किलबिलते. पालुपद परतते, बासरी पुन्हा सुटते. बेळगावजवळच्या सुळेभावीत 1924 साली जन्मलेल्या कुमार गंधर्वांचा ख्याल ज्यांनी ऐकला, त्यांना ही वाट परकी वाटणार नाही. तानेनंतर मुखडा येतो, तसेच हे. भेद इतकाच, की आपला षड्ज अचल असतो. तेथे षड्जच जागा बदलतो व शेवटी घरी येतो.

वर्गात मी मुलांना एवढेच सांगतो : पालुपद आले की बोट वर करा. दोनचार वेळा चुकतात, मग कान उघडतो.

पिएताने अन्नवस्त्राबरोबर मुलींच्या हाती वाद्य दिले. आपल्या ट्रस्टनेही वह्यापुस्तकांबरोबर एखाद्या होतकरू मुलामुलीस बासरी द्यावी, ही नम्र विनंती.