आधी स्वतःचा हिशेब



मत्तयच्या शुभवर्तमानात ७ व्या अध्यायात प्रभू येशूने कुसळ आणि मुसळाचा दाखला दिला आहे. भावाच्या डोळ्यातले कुसळ काढूच नका, असे प्रभू म्हणत नाही. आधी स्वतःच्या डोळ्यातले मुसळ काढा, मग तुम्हांला नीट दिसेल, असा क्रम तो घालून देतो.

आपण हा क्रम उलटा करतो. मिस्सा संपते आणि चर्चच्या पायऱ्यांवरच चर्चा सुरू होते. ती आज ख्रिस्तप्रसाद घ्यायला का उठली नाही? घरात काहीतरी झाले असणार! आपण पाहिले एवढेच की ती जागेवर बसून राहिली. बाकीची कहाणी आपण रचली. कदाचित पापनिवेदन केल्याशिवाय ख्रिस्तप्रसाद घेऊ नये, असे तिला वाटले असेल. तसे असेल, तर तिने स्वतःचे परीक्षण केले आणि आपण तिचे!

चौथ्या शतकात इजिप्तच्या वाळवंटात अब्बा मोशे नावाचे संन्यासी होते. पूर्वायुष्यात ते दरोडेखोर होते. एकदा एका बंधूच्या अपराधाचा न्याय करण्यासाठी त्यांना बोलावणे आले. ते पाठीवर गळके भांडे घेऊन गेले. माझी पापे अशीच माझ्यामागे गळत आहेत, ती मला दिसत नाहीत, असे त्यांनी सांगितले. सभेने त्या बंधूला क्षमा केली.

मग चुकीला चूक म्हणायचेच नाही का? म्हणायचे. कुणावर अन्याय होत असेल, तर तो थांबवलाच पाहिजे. पण कृती चुकीची आहे असे म्हणणे वेगळे आणि माणूसच वाईट आहे असे ठरवणे वेगळे. कृती आपल्याला दिसते, अंतःकरण फक्त परमेश्वराला दिसते. पुरेसा आधार नसताना शेजाऱ्याचा दोष मनातल्या मनात खरा मानणे हासुद्धा अपराधच, अशी ख्रिस्तसभेची शिकवण आहे. शंका आली, तर चारचौघांत बोलण्याऐवजी त्या व्यक्तीलाच प्रेमाने विचारावे.

आत्मपरीक्षणासाठी संत इग्नेशियस लोयोला यांनी पाच पायऱ्या सांगितल्या आहेत:

१. मिळालेल्या कृपादानांबद्दल देवाचे आभार मानणे.
२. स्वतःची पापे ओळखण्यासाठी कृपा मागणे.
३. सकाळपासूनचे आपले विचार, शब्द आणि कृती क्रमाने तपासणे.
४. क्षमा मागणे.
५. सुधारण्याचा निश्चय करणे.

यातली एकही पायरी शेजाऱ्याविषयी नाही! या आठवड्यात रोज रात्री झोपण्यापूर्वी दहा मिनिटे काढू या. तिसऱ्या पायरीवर स्वतःला एक प्रश्न मुद्दाम विचारू या: आज आपण कुणाविषयी, खात्री नसताना, वाईट बोललो का? उत्तर 'हो' आले, तर दुसऱ्या दिवशी ज्यांच्यापुढे बोललो, त्यांच्यापुढेच ते दुरुस्त करू या.