चार्जिंग येत नाही

पंधरा वर्षं उलटलेल्या मारुती 800 चं पासिंग पुन्हा करून घेतलं, तेव्हा घरात एकच प्रश्न आला: आता हिच्यावर खर्च कोण करणार? उत्तर म्हणून मी पान्यांचा एक डबा आणि मल्टिमीटर विकत आणला. तेल, फिल्टर, प्लग अशी कामं सोसायटीच्या पार्किंगमध्ये होऊ लागली, आणि मग एका पावसाळ्यात अल्टरनेटरची, म्हणजे गॅरेजच्या भाषेत डायनामोची, पाळी आली. पुढे भावाच्या आणि मैत्रिणीच्या गाडीचंही तेच काम केलं. दोन-तीन बोल्ट, दोन वायरी, एक बेल्ट. वस्तू बदलणं एवढंच असतं. तीच वस्तू बिघडली आहे याची खात्री करून घेणं हे मोठं काम, म्हणून खाली त्याबद्दलच जास्त लिहिलं आहे.

1. बॅटरीच्या लाल दिव्याकडे किल्ली फिरवतानाच बघावं. इंजिन बंद असताना किल्ली फिरवली की तो लागला पाहिजे आणि इंजिन सुरू झालं की विझला पाहिजे. चालत्या गाडीत तो पेटला तर चार्जिंग बंद पडलं, हे सगळ्यांनाच माहीत असतं. पण किल्ली फिरवल्यावर तो मुळीच लागत नसेल, तर तीही तक्रारच आहे आणि तिकडे सहसा कुणाचं लक्ष जात नाही. जुन्या गाड्यांत याच दिव्यातून जाणारा थोडासा करंट अल्टरनेटरच्या रोटरला सुरुवातीचं चुंबकत्व देतो. बल्ब उडाला किंवा ती बारीक वायर तुटली, तर धडधाकट अल्टरनेटरही चार्जिंग सुरू करत नाही. दिवा मंद, अर्धवट पेटत असेल तर आतल्या डायोडवर संशय घ्यावा.

लाल दिव्याबरोबर तापमानाचा काटाही चढू लागला, तर मात्र घर गाठायचा विचार सोडून गाडी तिथेच थांबवावी. मारुती 800 मध्ये अल्टरनेटर आणि पाण्याचा पंप एकाच बेल्टवर फिरतात. बेल्ट तुटला की चार्जिंगबरोबर इंजिनचं थंड होणंही थांबतं. नुसता दिवा असेल तर दिवसाउजेडी, ब्लोअर आणि टेप बंद ठेवून, बॅटरीच्या जिवावर जवळचं अंतर कापता येतं. रात्री ते गणित बिघडतं. 55 वॉटचे दोन हेडलाइट मिळून नऊ अँपिअर खातात, वर इग्निशन, पेट्रोलचा पंप, वायपर, रेडिएटरचा पंखा. आणि बॅटरी जेमतेम 35 अँपिअर-तासांची, तीही अर्धी उतरलेली.

2. बॅटरी बदलून बघायच्या आधी व्होल्ट मोजावेत. सकाळी गाडी सुरू होत नाही म्हटल्यावर बहुतेक जण बॅटरीच्या दुकानात जातात, आणि दुकानदार बॅटरी विकतो. तो त्याचा धंदाच आहे. नवी बॅटरी चार दिवस चालते आणि मग तीही झोपते. दोष बॅटरीचा की चार्जिंगचा, हे मीटर दोन मिनिटांत सांगतो. रात्रभर उभ्या गाडीच्या भरलेल्या बॅटरीवर साधारण 12.6 व्होल्ट दिसतात, 12.2 म्हणजे ती अर्ध्यावर आली. इंजिन सुरू केल्यावर आकडा 13.8 ते 14.4 च्या आसपास चढला पाहिजे. मग हेडलाइट, ब्लोअर, मागची काच तापवणारी तार असेल तर तीही लावून, इंजिन थोडं रेस करून पुन्हा बघावं. साडेतेराच्या खाली घसरत असेल तर अल्टरनेटर दमला आहे किंवा बेल्ट घसरतो आहे. आकडा 15 च्या वर गेला तर रेग्युलेटर हाताबाहेर गेला आहे. अशा वेळी बॅटरीचं पाणी भराभर आटतं, बल्ब वरचेवर उडतात, आणि लाल दिवा बहुधा चकार शब्द काढत नाही.

डायोड तपासायचा असेल तर इंजिन चालू ठेवून मीटर एसी व्होल्टवर लावावा. अर्ध्या व्होल्टच्या वर काही दिसलं तर एखादा डायोड गेला असं समजावं. असा डायोड उभ्या गाडीची बॅटरी रात्रीतून रिकामी करू शकतो. मात्र काही स्वस्त मीटर एसीच्या खुणेवर डीसी मोजताना भलताच आकडा दाखवतात. म्हणून आधी इंजिन बंद ठेवून त्याच खुणेवर बॅटरी मोजावी. शून्य आलं तरच पुढच्या आकड्यावर विश्वास ठेवावा.

3. चालू इंजिनात बॅटरीचं टर्मिनल काढून कुणी परीक्षा घेऊ लागला तर त्याचा हात धरावा. "टर्मिनल काढा, गाडी चालू राहिली तर डायनामो चांगला" हा सल्ला जुन्या, खऱ्या डायनामोवाल्या अ‍ॅम्बॅसेडर आणि पद्मिनीच्या काळातून चालत आला आहे. अल्टरनेटर भार वाहत असताना बॅटरी एकदम तोडली तर व्होल्टेज क्षणभर कितीतरी पटींनी उसळतं. त्यात डायोड उडतात, आणि इंजेक्शनच्या गाडीत इंजिनचा कॉम्प्युटरही जाऊ शकतो. त्याच्या किमतीत दोन-चार अल्टरनेटर येतील.

4. वायर आणि अर्थ तपासल्याशिवाय अल्टरनेटरला दोष देऊ नये. हे मला आमच्या शेजारच्या काकांनी शिकवलं. ते एसटीच्या दापोडी वर्कशॉपमधून निवृत्त झालेले; खाली बॉनेट उघडलं की गॅलरीतून आवाज येतोच. "अगं, डायनामो सोडू नकोस लगेच. आधी त्याचं चार्जिंग कुठं अडतंय ते शोध." मग ते खाली येतात आणि मी मीटर त्यांच्या हातात देते, कारण नाही दिला तरी ते घेणारच.

त्यांची रीत साधी. इंजिन चालू, हेडलाइट चालू. मीटरची एक सुई अल्टरनेटरच्या मागच्या जाड वायरच्या नटावर, दुसरी बॅटरीच्या प्लसवर. पाव व्होल्टपेक्षा जास्त फरक दिसला तर मधली वायर, तिचं टोक किंवा मोठा फ्यूज खराब. मग एक सुई अल्टरनेटरच्या अंगावर आणि दुसरी बॅटरीच्या मायनसवर: इथे 0.2 च्या आत हवं. जास्त आलं तर इंजिनपासून चॅसीला जाणारी अर्थची पट्टी गंजली. भावाची गाडी रत्नागिरीला, समुद्रापासून हाकेच्या अंतरावर उभी असते. तिच्यात ही पट्टी हिरवी पडून निम्म्या तारा तुटल्या होत्या. नवी पट्टी घातल्यावर व्होल्ट बरेच सुधारले. अल्टरनेटर पुढे बदलावा लागलाच, पण तो बेअरिंगच्या आवाजासाठी.

काकांची दुसरी परीक्षा तर मीटरशिवायची. इंजिन बंद ठेवून किल्ली फिरवायची आणि स्क्रू ड्रायव्हरचं टोक अल्टरनेटरच्या मागच्या बेअरिंगजवळ न्यायचं. ते ओढलं गेलं तर रोटरला करंट पोचतो आहे. काहीच ओढ नसेल तर कार्बन, म्हणजे ब्रश, झिजलेत, रेग्युलेटर गेला आहे किंवा दिव्याची वायर तुटली आहे. नव्या, कॉम्प्युटरच्या ताब्यातल्या अल्टरनेटरवर मात्र हा प्रयोग भरवशाचा नाही.

5. संपूर्ण अल्टरनेटर बदलायचा की नुसते कार्बन, हे बेअरिंगला विचारावं. बेल्ट काढून पुली हाताने फिरवली की कळतं. खरखर नाही, डुगडुग नाही, आणि ज्या तांब्याच्या कड्यांवर कार्बन घासतात त्यांना खोल चरा पडलेला नाही, तर नवे कार्बन पुरतात. पुष्कळ अल्टरनेटरांत कार्बन आणि रेग्युलेटर एकाच डब्यात असतात, तो डबाच बदलता येतो. बेअरिंग वाजत असेल, डायोड गेला असेल आणि वायंडिंगला जळका वास असेल, तर पूर्ण नग घ्यावा. डायोडची प्लेट सोल्डरिंग करून बदलणं मी घरी करत नाही. ते काम ज्याच्या बाकावर अल्टरनेटर फिरवून बघायची सोय आहे अशा ऑटो इलेक्ट्रिशियनचं.

भंगारातला अल्टरनेटर घ्यायला माझा विरोध आहे. मुंबईत कुर्ल्याच्या सीएसटी रोडवर किंवा पुण्यात जुन्या बाजारात तो स्वस्त मिळेल, पण त्याची बेअरिंगं आपल्याच गाडीइतकी म्हातारी असतात, आणि काढण्या-बसवण्याची मेहनत तेवढीच. आरसा, दरवाजाचं हँडल, चाकाची वाटी भंगारातून खुशाल आणावी.

6. जुना अल्टरनेटर हातात घेऊनच दुकानात जावं. पुण्यात नाना पेठेतल्या स्पेअर पार्टच्या दुकानात काउंटरवरच्या भाऊंनी आधी "मॅडम, मिस्त्रीला पाठवा ना" असं म्हणून पाहिलं. मी जुना नग पिशवीतून काढून काउंटरवर ठेवला तेव्हा ते गुमान आत गेले. दोन्ही शेजारी ठेवून पाहावं: बोल्टाच्या कानांची जागा आणि रुंदी, पुलीचा व्यास, बेल्टच्या खाचा, सॉकेटमधल्या पिना, आणि पाटीवरचे अँपिअर. एकाच गाडीच्या वेगवेगळ्या सालांत, एसी आणि बिगर-एसी मॉडेलांत हे बदलतं. कान दोन मिलिमीटरने पुढे-मागे असला तर पुली रेषेत येत नाही आणि बेल्ट एका बाजूने खाल्ला जातो. नवा असला तरी बाकावर फिरवून व्होल्ट दाखवा, असं हक्काने म्हणावं.

7. पहिला पाना बॅटरीच्या मायनसला. अल्टरनेटरच्या मागची जाड वायर किल्लीला जुमानत नाही, ती थेट बॅटरीशी जोडलेली असते. किल्ली खिशात असली तरी त्या नटावरचा पाना इंजिनच्या अंगाला टेकला की शेकडो अँपिअर वाहतात आणि पाना तिथेच चिकटतो. अंगठी, बांगडी, कडं, धातूच्या पट्ट्याचं घड्याळ घरी ठेवून यावं, ओढणी बांधावी. इंजिन थंड असावं. गाडीखाली शिरायचं असेल तर नुसत्या जॅकवर नाही, स्टँड लावूनच.

8. फोटो काढा, मग वायरी काढा. एवढंच.

9. खालच्या बोल्टला आदल्या रात्री तेल पाजावं. वरचा बोल्ट, ज्याच्या पट्टीत बेल्ट ताणायची लांब खाच असते, तो सहसा सुटतो. ज्यावर अल्टरनेटर झुलतो तो खालचा लांब बोल्ट मात्र वर्षानुवर्षं चिखल-पाणी खाऊन गंजलेला असतो. गंज सोडवणारं तेल आदल्या संध्याकाळी मारावं, सकाळी पुन्हा मारावं. उघड्या तोंडाच्या पान्याने जोर केला तर बोल्टाचं डोकं गोल होतं, म्हणून रिंग पाना किंवा गोटी पाना घ्यावा. आमच्या गाडीला दहा, बारा आणि चौदा नंबर एवढेच लागले. आधी थोडं आवळून मग सैल करावं. गंजाची पकड अशा हिसक्याने मोडते. बोल्ट निघाल्यावर आटे ब्रशने साफ करून थोडं ग्रीस लावलं तर पुढच्या खेपेला आपणच आपल्याला दुवा देऊ.

10. बेल्ट ताणताना टॉमी कुठे टेकवता ते महत्त्वाचं. अल्टरनेटरचं अंग अ‍ॅल्युमिनियमचं असतं आणि मागचं झाकण पातळ. टॉमी मागे टेकवून रेटला तर झाकणाला तडा जातो. पुढच्या बाजूला, पुलीजवळच्या जाड भागावरच टेकवावा. दोन पुलींच्या मधोमध अंगठ्याने चांगला जोर दिला की बेल्ट आठ-नऊ मिलिमीटर दबावा. नेमका आकडा गाडीच्या पुस्तिकेत असतो. सैल बेल्ट सकाळी किंचाळतो, निदान सांगतो तरी. जास्त ताणलेला बेल्ट गुपचूप अल्टरनेटरचं आणि पाण्याच्या पंपाचं बेअरिंग खातो, म्हणून तो मला जास्त वाईट वाटतो. नवा बेल्ट थोडा पसरतो; दोन-तीनशे किलोमीटरनंतर पुन्हा ताणून घ्यावा.

11. मेलेली बॅटरी नव्या अल्टरनेटरच्या गळ्यात बांधू नये. पूर्ण उतरलेली बॅटरी भरण्यासाठी तो बराच वेळ पूर्ण ताकदीने राबतो आणि तापतो, डायोड तिथेच दमतात. चार्जरवर रात्रभर लावून बॅटरी भरून घ्यावी, मग जोडावी. मायनस टर्मिनल सगळ्यात शेवटी. इंजिन सुरू केल्यावर दुसऱ्या मुद्द्यातले सगळे आकडे पुन्हा घ्यावेत आणि बॉनेटच्या आतल्या बाजूला तारखेसह चिकटवून ठेवावेत.

12. प्रत्येक गाडीच्या बॉनेटखाली हात घालायचा नसतो. मारुतीने 2015 च्या सुमाराला सियाझ आणि अर्टिगात आणलेल्या एसएचव्हीएस प्रणालीत अल्टरनेटरच्या जागी बसलेलं यंत्र इंजिन सुरूही करतं आणि जोरही देतं. तिथला बेल्ट आणि त्याचा ताणक वेगळ्या जातीचा असतो. ग्रँड विटारा किंवा इनोव्हा हायक्रॉसच्या स्ट्राँग हायब्रिडमध्ये तर अल्टरनेटरच नाही. मोठ्या बॅटरीतून उतरवलेला करंट 12 व्होल्टच्या बॅटरीला मिळतो, आणि नारिंगी वायरींतून जीव घेण्याइतकं व्होल्टेज धावत असतं. मैत्रिणीने हायक्रॉस घेतली आहे आणि "तू बघशील ना?" असं विचारलं आहे. मी तिला सर्व्हिस सेंटरचा नंबर दिला.