घराच्या कामाचे शेवटचे दिवस

घराचे काम संपत आले की आपण सारे घाईला येतो. लाद्या बसल्या, नळ जोडले, आता फक्त रंग राहिला. घराच्या आशीर्वादासाठी फादरना तारीख विचारून ठेवलेली असते, पाहुण्यांना सांगून झालेले असते. सामान एका खोलीत, स्वयंपाक पडवीत आणि बाजूलाच रंगारी जुना रंग खरवडतो आहे, असे आपण दिवस काढतो.

परंतु हेच दिवस लहान मुलांना जपण्याचे आहेत. जुन्या ऑइलपेंटमध्ये शिसे असू शकते. आपल्या देशात १ नोव्हेंबर २०१७ पासून घरगुती रंगात दहा लाख भागांत ९० भागांहून अधिक शिसे चालत नाही. मात्र त्याआधी रंगवलेली दारे, खिडक्या व ग्रिल आपल्या घरांत आहेतच. ती कोरडी घासली की धूळ जमिनीवर बसते आणि रांगत्या बाळाच्या हातावाटे तोंडात जाते. शिशामुळे मुलांच्या मेंदूच्या वाढीवर परिणाम होतो व ते नुकसान सहसा भरून येत नाही.

मग आपण काय करावे? जुना रंग ओला करूनच घासायला रंगाऱ्याला सांगावे. खोलीच्या दाराला प्लास्टिक लावावे. झाडू न मारता ओल्या फडक्याने पुसावे. बाळाला व घरात कोणी गरोदर असल्यास तिला तेवढे दिवस नातेवाइकांकडे ठेवावे. नव्या रंगाच्या डब्यावरील शिशाची नोंद वाचून घ्यावी.

यात आठवडा अधिक गेला तरी चालेल. तारीख पुढे ढकलता येते, फादरही समजून घेतील.