कुशाग्र बालिकेचा बालवाडीप्रवेश



चार वर्षांची मुलगी वर्तमानपत्राचे मथळे वाचू लागली, की बालवाडीत तिचे कसे होणार ही काळजी आईला वाटणे रास्तच आहे. परंतु तेवढ्यावरून तिला थेट वरच्या वर्गात बसवण्याचा आग्रह धरणे जसे घाईचे, तसेच शाळा काय ते पाहून घेईल म्हणून स्वस्थ राहणेही अहिताचे होय.

अशा मुलांमध्ये बहुधा असमकालिक विकास आढळतो, म्हणजे बुद्धी, भावना आणि स्नायू यांची वाढ एकाच गतीने होत नाही. मनात पूर्ण वाक्य तयार असते, पण बोटांना ‘क’चे वळण साधत नाही, म्हणून मुलगी पेन्सिल फेकून रडते. तो हट्ट समजून रागावण्याऐवजी वाक्य तिने सांगावे व आईने लिहून घ्यावे, आणि बोटांसाठी कणीक मळणे, मणी ओवणे असा सराव वेगळा चालू ठेवावा.

अतिशय कुशाग्र मुलांचा साधारण वर्गात निम्मा वेळ वाया जातो, असे १९२२ पासून न्यूयॉर्कमध्ये त्यांच्यासाठी खास वर्ग चालवणाऱ्या मानसशास्त्रज्ञ लेटा हॉलिंगवर्थ यांचे निरीक्षण होते. हा वेळ सार्थकी लावण्याचा, या वयाला मानवणारा मार्ग समृद्धीकरणाचा, म्हणजे पुढच्या इयत्तेचे पुस्तक न उघडता हाताशी असलेला विषयच अधिक खोल नेण्याचा आहे. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी १९४५ पासून बोर्डीत परिसरातल्या साध्या वस्तूंतून बालशिक्षण उभे केले, त्यामुळे महाराष्ट्राला ही वाट नवी नाही. इतर मुले दहा चिंचोके मोजत असताना याच मुलीला चिंचोक्यांच्या जोड्या लावायला सांगाव्यात, आणि आणखी एक घातल्यावर अकरावा चिंचोका एकटा का उरतो हे तिचे तिलाच शोधू द्यावे.

वर्गाच्या बाईंना भेटताना ‘मुलगी हुशार आहे’ एवढेच सांगू नये, तर ती काय वाचते, कशाला कंटाळते आणि कशाला घाबरते हे नेमके सांगावे, आणि वर्गात अक्षरओळख चालू असताना तिला चित्रकथेचे पुस्तक घेऊन बसू द्यावे, इतकीच माफक विनंती करावी. पाहुण्यांपुढे पाढे म्हणवून घेणे मात्र कटाक्षाने टाळावे, कारण कौतुकासाठी शिकण्याची सवय जडलेले मूल पुढे चुकण्याला भिते आणि अवघड कामाला हातच घालत नाही.

ज्ञान प्रबोधिनीसारखी बुद्धिमान मुलांसाठीची पुण्यातील प्रशालाही पाचवीपासून सुरू होते, तेव्हा तोवरची जबाबदारी घर आणि नेहमीची शाळा यांनाच वाहावी लागते. दिवाळीच्या सुट्टीत मुलीची प्रगती पाहताना तिला किती येते यापेक्षा ती अजून किती प्रश्न विचारते हे पाहावे. प्रश्न आटू लागले असतील तर बाईंशी पुन्हा बोलावे आणि तरीही फरक न पडल्यास शाळा बदलण्याचा विचार निःसंकोचपणे करावा.