दुकानातील चोरी आणि आपले कर्तव्य

जत्रेची रात्र आहे. पेडण्याची कोजागिरीची पुनव म्हणा, शिरगावची श्री लईराईची जत्रा म्हणा, अथवा साखळीचा चैत्री उत्सव म्हणा; देवळाच्या वाटेवर फेरी भरली आहे. खेळण्यांच्या दुकानापुढे उभ्या असलेल्या दहाबारा वर्षांच्या मुलाचा हात हळूच खिशाकडे जातो आणि त्याच क्षणी दुकानदार त्याचे मनगट पकडतो. ‘चोर, चोर!’ असा आवाज उठतो. पाहता पाहता माणसांचे कडे जमते. कोणी कानशिलात लगावतो, कोणी बापाचे नाव विचारतो, कोणी मोबाईलवर चित्रण करू लागतो. ज्या देवतेच्या दर्शनासाठी आपण आलो तिचा त्या घटकेला सर्वांनाच विसर पडतो.

असे दृश्य वाचकांनी क्षणभर डोळ्यांपुढे आणावे आणि स्वतःस विचारावे, की त्या कड्यात आपण उभे असतो तर काय केले असते? या प्रश्नाचे उत्तर शोधणे हाच प्रस्तुत लेखाचा हेतू होय.

प्रथम दुकानदाराची बाजू

चोरास दया दाखवावी असे म्हणणे सोपे असते, कारण नुकसान दुसऱ्याचे झालेले असते. म्हणून प्रथम दुकानदाराचा हिशोब पाहू. शंभर रुपयांच्या वस्तूमागे त्यास आठ रुपये सुटतात असे धरले, तर चोरीस गेलेल्या एका वस्तूचे ब्याण्णव रुपये भरून काढण्यासाठी तशाच बारा वस्तू विकाव्या लागतात. गावचा पोसरकार किंवा जत्रेत चार दिवस पाल ठोकून बसणारा खाजेवाला हा काही धनाढ्य मनुष्य नव्हे. त्याची हानी ही खरी हानी आहे. ती भरून निघालीच पाहिजे. ‘लहानशी तर वस्तू!’ असे म्हणून चोरीवर पांघरूण घालणारा मनुष्य त्या दुकानदाराच्या मुलांच्या ताटातूनच दानधर्म करीत असतो.

दुकानाचे रूपही आता पालटले आहे. पूर्वी माल फळीच्या पलीकडे असे आणि मागितल्यावर मिळे. १९१६ साली अमेरिकेतील मेंफिस शहरात क्लॅरेन्स साँडर्स या व्यापाऱ्याने गिऱ्हाइकाने स्वतःच माल उचलून घ्यावा अशा पद्धतीचे दुकान उघडले. तीच पद्धत आज आपल्या तालुक्याच्या गावीही आली आहे. माल हाताशी आला, तसा मोहही हाताशी आला. तथापि मोह सर्वांपुढे असतो आणि चोरी काहीजणच करतात. ते का करतात?

चोरीची कारणे

पहिले कारण भूक व नड. डिचोली तालुक्यास हे निराळे सांगावयास नको. २०१२ साली व पुन्हा २०१८ च्या मार्चमध्ये खाणी बंद झाल्या, तेव्हा ट्रक उभे राहिले आणि महिन्याचा पगार थांबला. अशा काळी घरास पहिला आधार लागतो तो दुकानातील उधारीच्या वहीचा. ती वही बंद झाली म्हणजे नेकीच्या माणसाचीही परीक्षा सुरू होते. महाभारताच्या शांतिपर्वात विश्वामित्रांची कथा आहे. बारा वर्षांच्या अवर्षणात भुकेने व्याकूळ झालेल्या या ऋषींनी चांडाळाच्या झोपडीतील कुत्र्याचे मांस रात्री चोरण्याचा प्रयत्न केला. घरधनी जागा झाला, दोघांचा वाद झाला, आणि आपल्या शास्त्रकारांनी तो वाद आपद्धर्म म्हणून जतन करून ठेवला. भुकेने केलेली चोरी हीदेखील चोरीच आहे. परंतु तिचा अर्धा दोष भुकेल्यास अन्न न देणाऱ्या समाजाकडे जातो.

दुसरे कारण कोवळे वय. सोबत्यांनी डिवचले, धाडस करून पाहण्याची हौस वाटली, हातखर्चास पैसे नव्हते, एवढ्यावरून मुले वस्तू उचलतात. महात्मा गांधींनी आपल्या आत्मकथेत स्वतःच्या दोन चोऱ्या सांगितल्या आहेत. बाराव्या-तेराव्या वर्षी विड्या ओढण्यासाठी त्यांनी नोकराचे पैसे चोरले आणि पंधराव्या वर्षी भावाच्या कड्यातील सोन्याचा तुकडा काढला. पुढे त्यांनी चिठ्ठीत अपराध लिहून ती आजारी वडिलांच्या हाती दिली. वडिलांच्या डोळ्यांतून अश्रू वाहिले व त्यांनी ती चिठ्ठी फाडून टाकली. मारले नाही, रागावले नाहीत. पण मुलाने कबुली दिली होती, पुन्हा चोरी न करण्याची प्रतिज्ञा केली होती आणि शिक्षाही मागितली होती, हे विसरता कामा नये. क्षमा कबुलीच्या पाठोपाठ आली.

तिसरे कारण सुखवस्तूंचा लोभ. चोर म्हणजे दरिद्री, ही समजूत खोटी आहे. अमेरिकेत त्रेचाळीस हजारांहून अधिक प्रौढांची पाहणी झाली. तिचे २००८ साली प्रसिद्ध झालेले निष्कर्ष असे, की शंभरांपैकी सुमारे अकरा जणांनी आयुष्यात कधीतरी दुकानातून वस्तू उचलली होती, आणि हे प्रमाण शिकलेल्या व बऱ्या मिळकतीच्या लोकांत अधिक होते. मनुस्मृतीतही चोरीचा दोष शूद्रास आठपट, वैश्यास सोळापट, क्षत्रियास बत्तीसपट आणि ब्राह्मणास चौसष्टपट किंवा त्याहूनही अधिक सांगितला आहे. ज्यास अधिक कळते त्याचा अपराध अधिक, हे त्यातील मर्म. आपण मात्र व्यवहारात उलटे करतो. फाटक्या सदऱ्याच्या मुलास ‘चोर’ म्हणतो आणि मोटारीतून आलेल्या बाईंस ‘चुकून पिशवीत पडले असेल’ असे म्हणतो.

चौथे कारण रोग. नको असलेली वस्तू, विकत घेण्याची ऐपत असूनही, अनावर ओढीमुळे उचलणे, उचलण्यापूर्वी मनावर ताण व नंतर सुटका वाटणे, आणि पुढे ती वस्तू टाकून देणे किंवा कोणास देऊन टाकणे, अशा मनोविकारास वैद्यकशास्त्रात क्लेप्टोमेनिया असे नाव आहे. अमेरिकन मनोविकारतज्ज्ञांच्या २०१३ च्या नियमग्रंथानुसार दुकानात चोरी करताना पकडलेल्यांपैकी शेकडा चार ते चोवीस जणांत हा विकार आढळतो. सर्वसाधारण लोकांत तो हजारी तीन ते सहा इतकाच असतो. म्हणजे प्रत्येक चोर रोगी नाही, पण काही निश्चितपणे रोगी आहेत. त्याचप्रमाणे स्मृतिभ्रंशाच्या काही प्रकारांत वृद्ध मनुष्य पैसे देण्याचे विसरतो, किंवा आपले-परके हा विवेकच त्याच्या मेंदूतून नाहीसा होतो. अशांना औषधोपचाराची गरज असते. बांबोळीच्या मनोविकार रुग्णालयात अशी सोय आहे, आणि १४४१६ या टेली-मानस क्रमांकावरही सल्ला मिळतो.

पाचवे कारण धंदा. टोळीने येऊन, ठरवून माल लांबवणारेही असतात. त्यांच्यासाठी पोलीसच हवेत. परंतु मेरी ओवेन कॅमेरॉन या समाजशास्त्रज्ञ बाईंनी शिकागोच्या मोठ्या दुकानांतील नोंदी तपासून १९६४ साली ग्रंथ प्रसिद्ध केला. पकडले जाणारे बहुतेक लोक सराईत नसतात, आणि एकदा पकडले गेल्यावर ते सहसा पुन्हा त्या वाटेस जात नाहीत, असे त्यांस आढळले. स्वतःस ‘चोर’ न मानणारा मनुष्य एका धक्क्यानेच सावरतो. मग त्याच्या कपाळावर तो शब्द आपण कायमचा का कोरावा?

कोरलेल्या शब्दाचे फळ

हा शब्द कोरल्याने काय होते, हे मराठी माणसास पुरते ठाऊक आहे. इंग्रज सरकारने १८७१ साली कायदा करून कित्येक जमाती जन्मतःच गुन्हेगार ठरविल्या. स्वतंत्र भारतात तो कायदा ३१ ऑगस्ट १९५२ रोजी रद्द झाला. शिक्का मात्र पुसला गेला नाही. लक्ष्मण गायकवाड यांचे ‘उचल्या’ हे आत्मकथन १९८७ साली प्रसिद्ध झाले व पुढील वर्षी त्यास साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला. जमातीचे नावच ‘उचल्या’ पडले म्हणजे तिच्या मुलास शाळा, काम आणि अब्रू यांसाठी किती झगडावे लागते, हे त्यावरून समजते.

याहून भयंकर घटना केरळात घडली. २०१८ च्या फेब्रुवारीत अट्टप्पाडी येथे दुकानांतून तांदूळ वगैरे चोरल्याच्या संशयावरून एका आदिवासी तरुणास लोकांनी रानातून धरून आणले, बांधले, मारले, आणि त्याच्यासह स्वतःची छायाचित्रेही काढली. तो त्याच दिवशी मरण पावला. एप्रिल २०२३ मध्ये न्यायालयाने चौदा जणांस दोषी ठरविले व त्यांपैकी तेरा जणांस सात वर्षांची सक्तमजुरी दिली. मूठभर तांदळासाठी एक जीव गेला आणि तेरा घरांतील माणसे तुरुंगात गेली. त्यांतील अनेकांस, आपण न्यायच करीत आहो, असे वाटले असेल.

दंड कोणी करावा?

शांतिपर्वातच शंख व लिखित या दोघा भावांची कथा आहे. लिखिताने थोरल्या भावाच्या आश्रमातील पिकलेली फळे न विचारता खाल्ली. शंख म्हणाला, ‘ही चोरी झाली, राजाकडे जा आणि दंड माग.’ सुद्युम्न राजा क्षमा करण्यास तयार होता, पण लिखिताने दंडाचाच आग्रह धरला व त्याचे हात तोडण्यात आले. नंतर बाहुदा नदीत स्नान करताच ते हात त्यास परत मिळाले. ‘मग तूच मला आधी शुद्ध का केले नाहीस?’ असे त्याने विचारले. तुला दंड करण्याचा अधिकार माझा नव्हे, असे शंखाने सांगितले.

या कथेत तीन गोष्टी आहेत. वस्तूचा धनी स्वतः दंड करीत नाही, अपराधी आपला अपराध स्वतः पत्करतो, आणि दंड संपला की त्याचे हात त्यास परत मिळतात. हात तोडण्याचा काळ गेला. हात परत देण्याचा धर्म मात्र गेलेला नाही.

आश्चर्य असे, की आजचा कायदाही याच दिशेने आला आहे. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत साध्या चोरीस तीन वर्षांपर्यंत कैद किंवा दंड किंवा दोन्ही आहेत. परंतु मालाची किंमत पाच हजार रुपयांहून कमी असेल, अपराध्यास प्रथमच दोषी ठरविले असेल आणि त्याने वस्तू वा तिची किंमत परत केली असेल, तर त्यास समाजसेवेची शिक्षा सांगितली आहे. त्याच हातांनी विनावेतन लोकोपयोगी काम करावयाचे. मात्र माल साठविलेल्या इमारतीतील चोरीचे वेगळे कलम लागले तर शिक्षा सात वर्षांपर्यंत जाऊ शकते, म्हणून कोणी गाफील राहू नये. डोळ्यांदेखत गंभीर व अजामीनपात्र गुन्हा करणाऱ्यास नागरिकाने धरले, तरी सहा तासांच्या आत पोलिसांच्या स्वाधीन केलेच पाहिजे. मारण्याचा अधिकार कोणासही नाही. अठरा वर्षांखालील मुलास पोलीस कोठडीत वा तुरुंगात ठेवता येत नाही, आणि त्याचे नाव वा छायाचित्र प्रसिद्ध करणे हाच गुन्हा आहे.

आपण काय करावे

दुकानदाराने संशयितास गर्दीतून बाजूस न्यावे, स्त्री असल्यास दुसऱ्या स्त्रीस सोबत घ्यावे, आणि शांतपणे विचारावे. चूक आपलीही असू शकते. वस्तू वा तिची किंमत परत घ्यावी. मूल असल्यास आईबापांस बोलवावे. अंगास हात लावू नये आणि चित्रण मोबाईलवरून गावभर फिरवू नये. टोळी किंवा वारंवार येणारा इसम असल्यास पोलीस ठाणे गाठावे.

आईबापांनी मुलास घेऊन स्वतः दुकानात जावे. पैसे बापाने न देता मुलाने द्यावेत, खाऊच्या पैशांतून किंवा सुटीत काम करून. माफीचे शब्दही त्याच्याच तोंडून यावेत. त्यानंतर तो विषय घरात पुन्हा काढू नये.

देवस्थानाच्या महाजनांनी व सभासदांनी जत्रेच्या फेरीत एखादा वडीलधारा माणूस असा नेमावा, की ज्याच्याकडे असे प्रकरण आणता येईल आणि कडे जमण्यापूर्वीच मिटेल. चोरीमागे भूक दिसली तर त्या घराचे रेशनकार्ड आहे काय ते पाहावे. २०१३ च्या अन्नसुरक्षा कायद्याने पात्र कुटुंबास माणशी महिना पाच किलो धान्याचा हक्क दिला आहे. तो हक्क मिळवून देणे हे अन्नदानाइतकेच पुण्याचे आहे.

चोर सापडला नाही की देवापुढे गाऱ्हाणे घालण्याची आपली जुनी रीत आहे. चोर सापडल्यावरही देव तेथेच उभा असतो, एवढे त्या कड्यात उभे राहताना आठवावे. वस्तू दुकानात परत जावी आणि मूल घरी परत जावे. दोन्ही घडले म्हणजे न्याय पुरा झाला.

घरी विचार करण्यासाठी प्रश्न

१. लिखितास राजा क्षमा करीत असताही त्याने दंड का मागितला असेल?
२. आपल्या मुलाच्या खिशात परकी वस्तू सापडली, तर आपण प्रथम काय कराल : झाकाल, माराल की त्याच्यासह दुकानात जाल?
३. आपल्या वाड्यावर उधारीची वही बंद झालेले घर कोणते? त्या घरी आपण शेवटचे केव्हा गेला होता?