फुप्फुसातली गाठ : घाई नको, हयगयही नको

प्रश्न : वडील ५८ वर्षांचे, बिडी ओढतात. सीटी स्कॅनमध्ये ५ मिमीची गाठ दिसली. कर्करोग असेल का? (वाचक, अमळनेर)

उत्तर : शक्यता कमी आहे. अमेरिकेत धूम्रपान करणाऱ्यांवर झालेल्या मोठ्या चाचणीत (२०११) लो-डोस सीटीत संशयास्पद ठरलेल्यांपैकी सुमारे ९६ टक्के निष्कर्ष कर्करोगाचे नव्हते. आपल्याकडे तर बऱ्या झालेल्या क्षयाच्या खुणाही गाठीसारख्या दिसतात. मग स्कॅन कशाला, असे कुणी म्हणेल. पण त्याच चाचणीत एक्स-रेच्या तुलनेत फुप्फुसाच्या कर्करोगाचे मृत्यू २० टक्क्यांनी घटले. चुन्यासारखी घट्ट गाठ बहुधा निरुपद्रवी, काटेरी कडांची संशयास्पद. खरा निवाडा मात्र वाढीवरून होतो. म्हणून जुनी फिल्म जपा, जळगाव किंवा धुळ्याच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयात छातीविकार तज्ज्ञांना दाखवा, त्यांच्या सल्ल्याने वर्षभराने पुन्हा सीटी करा. बिडी मात्र आजच सोडायला लावा.