हिशेबाची नोकरी सांभाळून संगणकप्रकल्प

प्रश्न : चौसाळा (जि. बीड) येथे आडत दुकानात हिशेब लिहिणाऱ्या वाचकास फावल्या वेळात ऑनलाइन उपक्रमातून संगणकप्रकल्प करता येईल काय?

उत्तर : आज्ञावली लिहिण्याचा थोडा सराव असल्यास करता येईल. २००५ पासून चालणारा ‘गूगल समर ऑफ कोड’ हा उपक्रम नवोदितांना मुक्तस्रोत प्रकल्पांशी, म्हणजे ज्यांची मूळ आज्ञावली कोणालाही पाहता, वापरता व सुधारता येते अशा प्रकल्पांशी, जोडून देतो आणि २०२२ पासून तो विद्यार्थी नसलेल्या प्रौढांनाही खुला आहे. त्यातील मध्यम प्रकल्पाचे सुमारे १७५ तास १२ आठवड्यांत विभागल्यास रोज दोन तासांहून थोडा अधिक वेळ द्यावा लागतो. हा काळ साधारणतः मेअखेरीपासून ऑगस्टअखेरपर्यंतचा असल्याने ऑक्टोबरातील सोयाबीनच्या आवकेशी त्याची गाठ पडत नाही, मात्र मुदतवाढ घेतल्यास ती पडू शकते. अर्जापूर्वी निवडलेल्या प्रकल्पातील एखादी लहान चूक दुरुस्त करून पाठवणे हिताचे, कारण त्यावरून मार्गदर्शकास अर्जदाराची कुवत व चिकाटी दोन्ही कळतात. सहभागास शुल्क नसल्याने प्रवेश मिळवून देण्यासाठी पैसे मागणाऱ्या मध्यस्थांच्या नादी लागू नये.